मीठघराची तिसरी चावी

फ्रिज खाकरला, अंगात कापरं भरल्यासारखा थरथरला आणि गप्प झाला.

बाळाला थोपटणारा प्रणालीचा हात तिथेच थांबला. दुपारच्या त्या सामसुमीत तेवढाच एक आवाज झाला होता, आणि त्याचा अर्थ तिला कुणाला विचारावा लागला नाही. डोक्यावरचा पंखा अजून फिरत होता, पण नुसता सवयीने. हळूहळू त्याची पाती वेगवेगळी दिसू लागली आणि मग थांबली.

"आई, गेली," जुई म्हणाली. सहा वर्षांची जुई ओट्याखालच्या गार फरशीवर पालथी पडून रांगोळीचे ठिपके काढत होती.

"येईल."

"सकाळीपण येईलच म्हणालीस. मग आली, आणि आता परत गेली."

प्रणाली भामरे नांदझिऱ्याची सरपंच होती. नवरा सुरतेला कामाला, सासूबाई गुडघ्यांमुळे खाटेवर, पदरात तान्हं बाळ, आणि तरी गावाने तिलाच निवडून दिलं होतं. 'बाई शिकलेली आहे आणि भांडते चांगली,' असं प्रचारात लोक म्हणायचे. ते खरं होतं, पण उन्हाशी भांडायचं कसं हे अजून कुणालाच जमलेलं नव्हतं. गेली काही वर्षं वैशाखातलं ऊन नुसतं कडक राहिलेलं नव्हतं. त्याच्या जोडीला हवेत दमटपणा येऊन बसायचा. माणसाला घाम येतो, घाम सुकतो आणि अंग गार होतं, एवढ्या साध्या युक्तीवर सगळं शरीर चाललेलं असतं. हवाच ओली असली की घाम सुकत नाही. मग धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या आतून शिजतो. म्हणून गावाने शाळेतल्या एका वर्गाला जाड भिंती घालून, यंत्र बसवून थंड खोली केली होती. दुपारी गावातले म्हातारे, आजारी आणि तान्ही मुलं तिथे नेऊन बसवायचे. आताही सासूबाई तिथेच होत्या.

यंत्र बंद पडल्यावर ती खोली थोडा वेळ गार राहते. फार वेळ नाही.

"मीठघर तर भरलेलं आहे," जुई म्हणाली. "मी शाळेतून येताना पाहिलं. हिरवा पट्टा पार वरपर्यंत. मग वीज का जाते?"

शाळेमागच्या लांब पत्र्याच्या शेडला सगळा गाव मीठघर म्हणायचा. आत गावाची बॅटरी होती. महागड्या लिथियमच्या जागी तिच्यात सोडियम, म्हणजे आपल्या रोजच्या मिठातला पदार्थ. उंबरपाडा या गावच्याच वरच्या वस्तीच्या टेकडीवरचे सौरपट्टे दिवसभर तिला भरायचे. अशी मीठघरं आता देशभर झाली होती.

प्रणालीने बाळाला खांद्यावर घेतलं आणि फरशीवर टेकली. रांगोळीची चिमूट घेऊन तिने एका ओळीत तीन ठिपके टाकले.

"हा दिल्लीचा ठिपका. हा मुंबईचा, आपल्या राज्याचा. आणि हा आपला, नांदझिऱ्याचा. तिन्ही एकाच सरळ रेघेवर आहेत. ती रेघ पुढे ओढत नेली की भिंतीला कुठेतरी टेकते ना? जिथे टेकते तिथे मीठघराचं कुलूप आहे असं समज. पण गंमत अशी, की प्रत्येकाला फक्त आपापला ठिपका ठाऊक. आता बाकीचे दोन मी झाकले. एका ठिपक्यावरून काढ बरं रेघ."

जुईने बोट फिरवून पाहिलं. "कशीपण निघते."

"म्हणजे कुलूप सापडत नाही. दोन ठिपके दिसले तर?"

"मग एकच निघते."

"झालं तर. कुलूप उघडायला कोणतेही दोघं लागतात. एकट्याला नाही उघडता येत, दिल्लीलासुद्धा नाही."

जुईने विचार केला. "मग दिल्ली आणि मुंबई दोघंच मिळून उघडतील. आपल्याला विचारणारच नाहीत."

"रोज तसंच करतात," प्रणाली म्हणाली.

तसंच होतं. देशभरच्या विजेच्या जाळ्याला एक नाडी असते आणि ती सेकंदाला पन्नास ठोक्यांवर चालते. मागणी वाढली की नाडी मंदावते. फारच मंदावली तर गिरण्या, उपकेंद्रं, शहरं स्वतःला वाचवायला एकापाठोपाठ एक जाळ्यातून सुटी होतात आणि अंधार एखाद्या फाटत जाणाऱ्या लुगड्यासारखा पसरतो. ते होऊ नये म्हणून समतोल नावाची यंत्रणा उभी केली होती. ती नाडीवर बोट ठेवून बसायची आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत देशातल्या हव्या त्या मीठघरातून वीज उचलायची. एवढी ताकद एकाच्या हातात नको म्हणून कायद्याने प्रत्येक मीठघराच्या चावीचे तीन तुकडे केले. केंद्राला एक, राज्याला एक, ग्रामसभेला एक. एरवी वरच्या दोघांचं एकमत असायचं. रोजचा आदेश त्यांच्या दोन तुकड्यांवर निघायचा आणि नांदझिऱ्याची चावी, म्हणजे तळहातावर मावणारं पडद्याचं यंत्र, प्रणालीच्या तांदळाच्या डब्यात पडून राहायची.

आज मात्र वरच्या दोघांचं बिनसलं होतं. उत्तरेतही हीच उष्णतेची लाट होती. केंद्राचा आदेश आला, मीठघरं उत्तरेकडे रिकामी करा. राज्याचा आला, एक युनिटही बाहेर जाणार नाही, आधी आमची शहरं. प्रत्येक आदेशावर एकच सही. मीठघराला दोन अर्धे आदेश मिळाले आणि ते तुडुंब भरलेलं असूनही ढिम्म बसलं. सकाळपासून गावाला बाहेरच्या तारेवरून थोडी थोडी वीज येत होती. तिच्यावर थंड खोली चालावी म्हणून प्रणालीने पंचायतीत जाऊन उंबरपाड्याच्या तारेचा खटका खाली ओढला होता. तुटवडा असला की पहिली तीच तार बंद करायची, हे आधीच्या सरपंचापासून चालत आलं होतं. आता बाहेरची वीजही गेली.

फोन वाजला. पंकजदादा. तिचा सख्खा थोरला भाऊ, राज्याच्या भारकेंद्रात, म्हणजे कुणाला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कचेरीत, उपमुख्य अभियंता.

"पनू, बाळ कसंय?"

"घामोळ्यांनी लाल झालंय. बोल."

"तुझी चावी लाव. आमचा आदेश तुझ्या स्क्रीनवर आहे, खाली बोट ठेव, संपलं."

"आणि आम्हाला काय राहतं?"

"पाण्याच्या टाकीपुरतं राखीव असतं की."

"थंड खोली टाकीवर चालत नाही, दादा."

"हे बघ, मी भाऊ म्हणून नाही बोलत, राज्याचा अधिकारी म्हणून सांगतोय."

"मग साहेब म्हणू का?"

"चेष्टा नको. मुलांना घेऊन नाशिकला घरी निघ. गाडी पाठवतो. तुझी वहिनी खोली गार करून ठेवेल."

प्रणालीच्या डोळ्यांसमोर वहिनीची ती गार खोली क्षणभर आली. पांढरी चादर, झोपलेलं बाळ. तिने ओठ चावला. "आणि शाळेत बसलेत त्यांना कुठल्या भावाकडे पाठवू?"

तिने फोन ठेवला तोच दुसरा आला. दिल्लीहून, समतोल मंडळाच्या तिवारी मॅडम. त्या हिंदीतून बोलत होत्या आणि फोन मराठी करून ऐकवत होता.

"आदरणीय सरपंच महोदया, राष्ट्राच्या या कसोटीच्या क्षणी आपण आपली कुंचिका प्रदान करावी, ही नम्र विज्ञापना."

"कुंचिका म्हणजे काय?" जुई कुजबुजली.

"चावी."

"मग चावी म्हणायचं ना."

प्रणालीने भाषांतर बंद केलं. यंत्राच्या सोवळ्या मराठीमागून एक दमलेला, घसा बसलेला बाईचा आवाज आला. त्या सांगत होत्या की इथे इस्पितळांच्या ओसरीत माणसं झोपवलीत. नाडी खाली चालली आहे. संध्याकाळपर्यंत काही केलं नाही तर सगळंच जाईल, तुमचंही आणि आमचंही. त्या खोटं बोलत नव्हत्या. ते प्रणालीला कळलं, आणि म्हणूनच राग आला. दादाही खोटं बोलत नव्हता. दोघांनाही माणसं वाचवायची होती. फक्त त्या माणसांत नांदझिरे कुणाच्याच मोजणीत नव्हतं.

"बहनजी," ती म्हणाली, "थोडा वेळ द्या. मी गावाला विचारते."

"गावाला?" पलीकडून आश्चर्य ऐकू आलं. "आपण सरपंच आहात ना?"

"म्हणूनच विचारते."

तिने तांदळाच्या डब्यात हात घातला, चावी काढली, बाळाला झोळीत बांधलं, जुईच्या डोक्यावर ओला पंचा टाकला आणि शाळेकडे निघाली.

थंड खोली आता नावालाच थंड होती. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. गावची आशा कार्यकर्ती लता एकेकाच्या कपाळावर ओली फडकी बदलत होती. "बाई, जे करायचं ते लवकर," ती हळूच म्हणाली. "कोपऱ्यातल्या दगाआबांचं बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलंय."

ओसरीत माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे गावातले जुने शेतकरी बारकू जिभाऊ, हातात पहार घेऊन.

"काय चावीबिवी घेऊन बसलीस माय," ते म्हणाले. "मीठ आपलं, घर आपलं. दोन घाव घालतो, उघडतंय का नाही बघ."

"जिभाऊ, कुलूप फोडलं की आतलं सगळं आपोआप निकामी होतं. मग मीठ भाजीत घालायला न्यावं लागेल."

"माझ्या सुनेच्या भाजीला लागेलच तेवढं," कुणीतरी मागून म्हणालं, आणि त्या उकाड्यातही माणसं हसली. जिभाऊंनी पहार भिंतीला टेकवली.

प्रणालीने दोन्ही फोन जसे झाले तसे सांगितले. एकाला दिली तर उत्तरेला जाते, दुसऱ्याला दिली तर मुंबईला. आपल्याला दोन्हीकडून टाकीचं पाणी.

"म्हणजे कुणाच्या हातून उपाशी राहायचं तेवढं आपण ठरवायचं," लता दारातून म्हणाली.

चावीचा छोटा पडदा प्रणालीच्या तळहातावर उजळला होता. केंद्राचा आदेश, राज्याचा आदेश, आणि त्यांच्या खाली एक फिकट चौकोन: नवा आदेश. चावी मिळाली तेव्हा तालुक्याच्या प्रशिक्षणात तिने हात वर करून विचारलं होतं, हे काय आहे. शिकवणारे साहेब हसले होते. 'कायद्यात आहे म्हणून ठेवलंय. तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.' सगळा वर्ग साहेबांबरोबर हसला होता. तीही.

तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं. तो उघडला. आत कोरी जागा होती.

"ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "आजवर आदेश त्यांनी लिहिले आणि सह्याही त्यांनीच केल्या. आज आदेश आपण लिहू. सही करायला त्यांतला कुणीही एक पुरे आहे. बोला, काय लिहू?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. पहिली थंड खोली, त्यावर दुमत नव्हतं. पण पुढे काय? पाटावरची खालची गावं, बोरकुंड आणि शेवडी, त्यांची मीठघरं अजून बांधूनच झाली नव्हती. त्यांच्याकडेही म्हातारे होते, बाळंतिणी होत्या. लेकी तिकडे दिलेल्या होत्या.

"यात विचारायचं काय," बारकू जिभाऊ म्हणाले. "पाळी शेपटापासून. पाटाची तीच रीत आहे."

आणि वाद मिटला. नांदझिऱ्याच्या पाटाला धरणाचं पाणी सुटलं की पहिली पाळी पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला कधीच नसते. सगळ्यांत शेवटच्या शेताला असते. तोंडाशी बसलेल्याच्या दारावरूनच पाणी जाणार, त्याला काही कमी पडत नाही. शेपटाला आधी दिलं की मधला कुणी चोरायला धजत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. प्रणाली लिहू लागली. थंड खोली. मग शेवडी, मग बोरकुंड, मग नांदझिऱ्याची घरं. उरलेली सगळी वीज जाळ्याला, ती उत्तरेला जावी की मुंबईला हे वरच्यांनी आपसांत ठरवावं. उन्हाळा संपेपर्यंत रोजचा आदेश ग्रामसभा लिहील.

"आमचं?" ओसरीच्या टोकाहून आवाज आला. उंबरपाड्याची तापीबाई नातीचा, रविताचा, हात धरून उभी होती.

"पाडा पाटावर कुठे येतो तापीबाई," कुणीतरी म्हणालं. "तुमचं मागून बघू."

प्रणालीने मान वर केली. आतून लता हाक मारत होती, दगाआबांना उलटी झाली होती. "तुम्ही सगळे इथेच या ना खोलीत," ती घाईने म्हणाली. "यंत्र आत्ता सुरू होईल."

"येऊ," तापीबाई म्हणाली. "घर तिथंच राहील, अंधारात." आणि रविताला घेऊन ओसरीच्या टोकालाच बसली.

हात वर झाले. प्रणालीने चावी लावली आणि आदेश दोन्हीकडे पाठवला. तेवढ्यावर ती थांबली नाही. ज्या ज्या सरपंचांचे नंबर तिच्याकडे होते, त्या सगळ्यांना आदेशाचा मसुदा पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: तुमच्या चावीवरही हे बटण आहे.

दादाचा फोन लगेच आला.

"हे काय पाठवलंयस? असं नसतं, पनू."

"बटण आहे म्हणजे असतं."

"दोन-चार गावांनी आणखी असं केलं तर आम्ही इथे काय करायचं?"

"सही."

"हसू नकोस. मी सही केली तर इथे माझ्या नावावर येईल, की बहिणीपुढे वाकला."

"नको करूस. तिवारी मॅडम करतील. मग तुझ्या साहेबांना सांग, की दिल्लीने केली आणि आपण बघत बसलो."

तिने बाळाची झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दादा, लहानपणी कलिंगड आणलं की आपल्या बाबांचा नियम काय होता?"

पलीकडे त्याची खुर्ची करकरली.

"एकाने कापायचं, दुसऱ्याने फोड उचलायची. तू सुरी घेतलीस की मी आधी उचलायची. म्हणून तर तू इतकं सारखं कापायचास, पट्टी लावल्यासारखं. आजवर तुम्ही कापलंही आणि उचललंही. आज आम्ही कापलंय, सगळ्यांना पुरेल असं. उचल."

"आणि दोघांनीही नाही केली सही तर?"

"तर इथे माझ्या सासूबाई जातील, दगाआबा जातील, कदाचित माझं बाळ जाईल. तिकडे तुमची नाडी जाईल. मग अंधारात भेटू सगळे. पण ज्या आदेशात आमचं नाव नाही, त्याला माझं बोट लागणार नाही. राज्याच्याही नाही आणि दिल्लीच्याही नाही."

फोन बंद झाला. तिने बंद केला की त्याने, हे तिला नंतरही आठवलं नाही. ती खोलीत जाऊन सासूबाईंशेजारी बसली आणि बाळाच्या छातीवर फुंकर घालत राहिली. ती फुंकरसुद्धा गरम होती. सासूबाईंनी डोळे न उघडता तिच्या मांडीवर हात ठेवला. "केलंस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते होवो."

"काही होत नाही तुम्हाला. अजून माझ्या आमटीला नावं ठेवायचीत."

भिंतीतलं यंत्र खोकलं. एकदा, दोनदा. मग त्याची घरघर लागली आणि झडपेतून गार वारा आला. दगाआबांनी तोंड उघडं टाकून तो घेतला. लता भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

चावीच्या पडद्यावर दोन सह्या होत्या, जवळजवळ एकाच क्षणी आलेल्या. आपण मागे राहून दुसरा पुढे जाऊ नये, म्हणून दोघांनीही केलेल्या. खाली दादाचा निरोप होता: 'स्वाक्षरी केली आहे. उपमुख्य अभियंता, राज्य भारकेंद्र.' बस. पनू नाही, बाळ कसंय नाही. तिने तो पुन्हा वाचला आणि पडदा विझवला.

सूर्य कलल्यावर माणसं ओसरीत आली. आता निरोपांवर निरोप येत होते. कुठल्या कुठल्या गावांनी आपापले आदेश लिहायला घेतले होते. एका सरपंचाने विचारलं होतं, 'ताई, आमच्यात पाट नाही, तर शेपूट कुठून धरायचं?' बारकू जिभाऊ ते ऐकून मिशीत हसले.

"बघा, बघा," कुणीतरी म्हणालं. खाली दूर शेवडीचे दिवे लागले. मग बोरकुंडचे. उजेड पाटाच्या काठाकाठाने वर चढत आला, आणि सगळ्यांत शेवटी नांदझिऱ्याच्या गल्लीतले खांब उजळले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं नुसती बघत राहिली, आपण बांधलेल्या घराकडे बघावं तशी.

तापीबाई रविताला घेऊन टेकडीची वाट चढू लागली होती. वर संधिप्रकाशात सौरपट्टे चकाकत होते. त्यांच्यामागे उंबरपाडा काळा होता. सकाळी ओढलेला खटका अजून खालीच होता.

जुई ओसरीच्या फरशीवर खडूने खेळत होती. तिने तीन ठिपके काढले होते, त्यांतून रेघ ओढत पार भिंतीपर्यंत नेली होती. आता ती हातात खडू धरून रविताच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती, मग फरशीकडे, मग पुन्हा टेकडीकडे.

"आई," ती म्हणाली, "दिल्लीचा काढला, मुंबईचा काढला, आपला काढला. रविताच्या पाड्याचा ठिपका कुठे काढू?"